हर-2 चा शेरा आणि अर्धवट राहणारी तपासणी

स्तनाच्या कॅन्सरला आपल्या वस्त्यांत आजही पाप, नशीब, कुणाची तरी नजर अशी कारणे चिकटवली जातात. विज्ञान वेगळे सांगते. निरोगी पेशीत हर-2 नावाच्या जनुकाच्या दोन प्रती असतात. काही गाठींत त्या अनेक पटींनी वाढतात, पेशीवर हर-2 प्रथिनाची गर्दी होते आणि वाढत राहण्याचा आदेश सुटत राहतो. स्तनाच्या कॅन्सरपैकी साधारण 15 ते 20 टक्के गाठी अशा असतात. हा बदल गाठीतच घडतो; तो आईकडून येत नाही, लेकीकडे जात नाही. यात बाईचा दोष काहीच नाही.

प्रती वाढलेल्या रुग्णांत आजार लवकर उलटतो, हे डेनिस स्लेमन आणि सहकाऱ्यांनी 1987 मध्ये दाखवले. याच प्रथिनाला अडवणाऱ्या ट्रास्टुझुमॅबला 1998 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. 2015 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ते अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले. भारतीय कंपन्याही त्याची जैवसमान औषधे बनवतात. मग अडते कुठे?

अडते तपासणीत. गाठीच्या तुकड्यावरून 0, 1+, 2+ किंवा 3+ असा शेरा मिळतो. 3+ म्हणजे पॉझिटिव्ह. 2+ म्हणजे अनिश्चित. तिथे फिश ही दुसरी तपासणी लागते. ती महाग आहे आणि मोजक्याच प्रयोगशाळांत होते. मजुरी बुडवून आलेली बाई या 2+ वरच थांबण्याचा धोका असतो. जनुक जात बघत नाही. पण दुसऱ्या तपासणीपर्यंत कोण पोचणार, हे जमीन, पगार आणि जात ठरवतात. सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे संविधानाच्या कलम 47 नुसार राज्याचे कर्तव्य आहे. म्हणून प्रत्येक 2+ रुग्णाची फिश मोफत झाली पाहिजे. आम्ही ही भीक मागत नाही, हक्क मागतो.

दुसरीकडे ‘कॅन्सर मार्कर’ म्हणून रक्ततपासणीची पॅकेजेस विकली जातात. सीए 15-3 हा मार्कर सुरुवातीच्या कॅन्सरमध्ये बऱ्याचदा नॉर्मल येतो आणि यकृताच्या आजारातही वाढू शकतो. पसरलेल्या आजारावर लक्ष ठेवायला तो इतर तपासण्यांच्या जोडीने उपयोगी पडतो. निरोगी बाईचा कॅन्सर शोधायला तो कामाचा नाही. जयंतीच्या शिबिरांचा निधी त्यावर घालवू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

त्यापेक्षा मुंबईच्या वस्त्यांकडे बघा. टाटा मेमोरियलच्या सुमारे दीड लाख स्त्रियांच्या अभ्यासात एका गटाचे स्तन प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने तपासले. 2021 मध्ये निष्कर्ष आले: त्या गटात पन्नाशीपुढच्या स्त्रियांमध्ये या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास 30 टक्क्यांनी कमी झाले. शिबिर घ्यायचे तर असे घ्या.

कार्यकर्त्यांनो, रुग्णासोबत जाल तेव्हा अहवालात ईआर, पीआर आणि हर-2 हे तिन्ही शेरे आहेत का, ते वाचा. हर-2 समोर 2+ दिसले तर फिशची चिठ्ठी घेतल्याशिवाय ओपीडीतून उठू नका.