पलटणीतला जवान आणि घरातली ती

१९१४ साली फ्रान्समधले जवान चिखलाच्या खंदकांत दिवस काढू लागले, हे आपण पुस्तकात वाचतो. पण आपली माणसं? पुणे डिव्हिजनच्या मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कुत गावाच्या खंदकांत अडकल्या. डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ असा वेढा! धान्य संपत आलं, घोडी कापावी लागली. शेवटी हजारो जवान कैदेत गेले.

आपल्या जिल्ह्यात सैनिक टाकळीसारखं पलटणीचं गाव आहे. स्मारकावर जवानाचं नाव कोरलं जातं. पण मागं शेत, पोरंबाळं सांभाळत वाट बघणारी? तिचं नाव कुठंच नाही. मैत्रिणींनो, घरातलं जुनं पदक, पत्र भंगारात घालू नका. थोरल्या बायकांना विचारा आणि तिचंही नाव वहीत लिहून ठेवा.