निदानाआधी डोंगर पाहा

येत्या पावसाळ्यात कर्जत-खालापूरच्या एखाद्या वाडीतले कोणी झोप लागत नाही, आवाजाने दचकायला होते, अशी तक्रार घेऊन आले, तर आपला हात सहज ‘पीटीएसडी’ लिहून मोकळा होईल. त्याआधी इर्शाळवाडी आठवावी. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या उतारावरची ही ठाकर वाडी दरडीखाली गेली. २७ मृतदेह सापडले. चार दिवसांनी शोध थांबला तेव्हा ५७ जण बेपत्ताच होते. अशा ठिकाणी निदानापूर्वी तीन गोष्टी पाहायला हव्यात.

पहिली, काळ. सुरुवातीच्या दिवसांतली सुन्नता, रडणे, झोप उडणे यांना आयसीडी-११ विकार मानत नाही. डीएसएम-५ नुसार लक्षणे महिन्याहून अधिक टिकली तरच पीटीएसडीचा विचार. तोवर निवारा, अन्न, नातलगांची गाठ आणि बोलावेसे वाटले तर ऐकून घेणारा माणूस, एवढेच द्यावे. घडलेले सगळे खोदून काढणारी एखादी बैठक घेऊ नका, असे जागतिक आरोग्य संघटनाही सांगते.

दुसरी, देह. दीर्घकालीन शोक विकार म्हणायला आयसीडी-११ मध्ये किमान सहा महिने लागतात, डीएसएम-५-टीआरमध्ये प्रौढांसाठी वर्ष; शिवाय शोक त्या समाजाच्या रीतीपलीकडे गेलेला असावा लागतो. पण देहच हाती आला नाही, तर दिवस कुठून मोजायचे? व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या अमेरिकी सैनिकांच्या कुटुंबांचा अभ्यास करताना पॉलिन बॉस यांनी हे दुःख वेगळे ओळखले. गेला म्हणावे तर पुरावा नाही, येईल म्हणावे तर आशा नाही. हा पेच परिस्थितीचा आहे, त्या माणसाच्या मनातला दोष नव्हे. ‘आता स्वीकारा’ हा आपला आग्रह तिथे फक्त टोचतो.

तिसरी, धोका. संकट टळूनही मन ते चालूच आहे असे धरते, तेव्हा अतिसतर्कता लक्षण ठरते. दरडीच्या उताराखाली राहणारी बाई मुसळधार रात्री जागते, ते शहाणपण. तिला झोपेची गोळी देणे म्हणजे घरचा पहारा उठवणे. तिथे औषधाआधी तहसीलदारांना पत्र जायला हवे. सुरक्षित जागी घर मिळूनही ती जागीच राहिली, तर आपले काम सुरू होते.

म्हणून केसपेपरवर निदानाशेजारी तीन नोंदी असाव्यात: घटनेला किती दिवस झाले, देह मिळाला का, घर अजून उताराखाली आहे का. त्या नसतील, तर पुढच्या डॉक्टरने ते निदान पुन्हा तपासावे.