डोंगरीचं नाव, हिंगोलीचा कापूस

रविवारी होस्टेलच्या गच्चीवर वाळत घातलेले कपडे बघा. निम्म्याहून जास्त जीन्स! आणि जीन्स म्हणजे अमेरिकेची, असं आपण छातीठोकपणे सांगतो. मित्रांनो, नावं तर वेगळंच सांगतात. जीन हे नाव आलं इटलीतल्या जिनोआ बंदरावरून. डेनिम आलं फ्रान्समधल्या नीम या गावावरून. आणि डंगरी? ती चक्क आपल्या मुंबईच्या डोंगरीची!

मोल्सवर्थसाहेबाच्या मराठी-इंग्रजी कोशात (दुसरी आवृत्ती १८५७) 'डोंगरी कापड' दिलेलं आहे. डोंगरीच्या किल्ल्याला लागून जी वस्ती होती, तिथं विकलं जाणारं साधं देशी कापड म्हणजे डोंगरी. पुढे कुठल्याही स्वस्त, जाड्याभरड्या सुती कापडाला लोक तेच म्हणायला लागले. गोऱ्यांच्या तोंडी डोंगरीचं 'डंगरी' झालं आणि ते खलाशांच्या अंगावर चढून दर्यापार गेलं. आज शोरूममधल्या डंगरीची किंमत बघून डोंगरीचा तो जुना दुकानदार चक्कर येऊन पडला असता.

पण 'विकलं जाणारं' हा शब्द बघा. कापूस कुठं पिकला, कुणी विणला, याची नावाला फिकीर नाही. कॅलिकोचं तेच, कालिकत बंदरावरून जायचं म्हणून कॅलिको. आणि नाव एकदा चिकटलं की सुटत नाही. पैठण्या आज जास्त येवल्यात विणल्या जातात, तरी कुणी 'येवली' म्हणतं का?

हिंगोलीचा असल्यामुळे मला हे जरा लागतं. आमच्याकडं काळ्या रानात कापूस होतो, बाया उन्हातान्हात वेचणी करतात. मग सरकी निघते, रुईच्या गाठी बांधतात आणि ट्रक निघून जातो. पुढं त्या रुईची पँट होऊन ती आपल्याच दोरीवर लटकत असेल, पण तिच्यावर आमच्या गावाचं नाव कुठं?

नावात काय आहे, असं म्हणणारे भेटतातच. अहो, नावात भाव आहे! आमच्याच जिल्ह्यातल्या वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. हळदीला जमलं, कारण ती शिजवणं, वाळवणं, पॉलिश करणं सगळं इथंच होतं. कापसाची मात्र गाठ बांधली की आपलं काम संपलं.

सूत काढणं, विणणं, रंगवणं ही काय जादू आहे का? मशीनच आहेत ना ती! तेव्हा मेकॅनिकलवाल्यांनो, सीनियरचा प्रोजेक्ट रिपोर्ट कव्हर बदलून सबमिट करण्यापेक्षा यंदा गावात चालेल असं सूत काढायचं छोटं मशीन करून बघा. इलेक्ट्रिकलवाले मोटरचं बघतील. रुई मी गावाकडून आणून देतो.