आधी झीरो, मग स्टार्ट

राज्यशास्त्राचा पोरगा सीएनसी मिलवर काय करतोय, असं उद्यमबागेतल्या आमच्या सामायिक वर्कशॉपमध्ये सगळे विचारतात. शिकतोय! गेल्या आठवड्यात मी टूल बदललं, पण ऑफसेट घ्यायला विसरलो. नवं टूल १२ मिमी लांब. जी-०० ची फास्ट चाल, थेट व्हाइसवर आदळलं. दोन दिवस तिघांची कामं अडली.

चूक माझीच. पण सूचना फक्त इंग्रजीत आणि खरी माहिती दोघा-तिघांच्या डोक्यात, हे कसं चालेल? झीरो सेटिंग, टूल ऑफसेट, जॉबच्या वर हवेत एक ड्राय रन, एवढी यादी मशीनशेजारी मराठीत लावा, कन्नडमध्येही लावा. बोटं सगळ्यांचीच सारखी तुटतात.

मराठी यादी मी लिहायला घेतलीय. कन्नड कोण लिहिणार, बोला!