प्लास्टिकची वेचाई कोण देणार?



जून २०२२ मध्ये अमरावती ते अकोला राष्ट्रीय महामार्गावर ७५ किलोमीटर लांबीचा एकेरी डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकला गेला आणि गिनीज बुकात त्याची नोंद झाली. चांगले झाले. कोणी झपाट्याने काम केले तर आपल्याला त्याचा हेवा नाही. पण त्याच महामार्गावरून खाली उतरून वावराकडे जाणारी आपली पांदण आठवा. जुलै महिन्यात तिथे बंडीचे चाक आसापर्यंत रुतते. निंदणाला निघालेल्या बाया चपला हातात घेऊन चालतात. आणि पांदणीच्या दोन्ही बाजूंना, धुऱ्यावरच्या बोरी-बाभळीत काय अडकलेले असते? बियाण्याच्या रिकाम्या थैल्या, खताच्या चुंगड्यांच्या चिंध्या, मल्चिंगची फाटकी पन्नी, आणि गावातून उडून आलेल्या गुटख्याच्या, शाम्पूच्या, चिप्सच्या पुड्या.

शहरातले शहाणे लोक आता सांगतात की या दोन्ही अडचणींवर औषध एकच आहे. प्लास्टिकचा कचरा डांबरात घाला, त्याचे गट्टू पाडा, फरशा पाडा. कचराही गेला आणि बांधकामही झाले. हे ऐकायला गोड आहे. पण इतके गोड असेल तर इतक्या वर्षांत आपल्या धुऱ्यावरची पन्नी जागची का हलली नाही? या प्रश्नाचे उत्तर प्रयोगशाळेत नाही, हिशेबाच्या वहीत आहे. तो हिशेब जिल्हा बैठकीपुढे ठेवावा म्हणून हे लिहीत आहोत.

तंत्र आहे, थापा नाहीत

आधी हे मान्य केले पाहिजे की तंत्र खरे आहे. मदुराईच्या त्यागराजर अभियांत्रिकी महाविद्यालयातले रसायनशास्त्राचे प्राध्यापक राजगोपालन वासुदेवन यांनी या शतकाच्या सुरुवातीला ते बसवून दाखवले. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पद्धत साधी आहे. पन्नीचे बारीक तुकडे करायचे, गिट्टी १७० अंशांच्या आसपास तापवायची आणि तुकडे तिच्यावर टाकायचे. प्लास्टिक जळत नाही, वितळून गिट्टीला लेप देते. मग त्यात डांबर मिसळायचे. डांबरी रस्त्याचा खरा वैरी पाणी. लेप बसलेल्या गिट्टीत पाणी शिरत नाही, म्हणून डांबर सुटत नाही. डांबराच्या वजनाच्या ८ टक्क्यांच्या आसपास प्लास्टिक यात खपते आणि जवळपास तेवढे डांबर वाचते.

भारतीय रस्ते महासभेने २०१३ मध्ये या पद्धतीची नियमावली काढली. नोव्हेंबर २०१५ मध्ये केंद्र सरकारने ठरवले की पाच लाखांवर लोकवस्तीच्या शहरांभोवती ५० किलोमीटरच्या आत डांबरी रस्त्यांत असे प्लास्टिक वापरावे. अमरावती शहर २०११ च्या जनगणनेतच सहा लाखांच्या वर होते. त्याच वासुदेवन यांनी दगड आणि टाकाऊ प्लास्टिक मिळून फरशीसारखा ठोकळाही तयार केला. वितळवलेले प्लास्टिक आणि रेती दाबून गट्टू पाडणारे लहान कारखाने देशात ठिकठिकाणी आहेत.

पण तंत्र खरे असले तरी ते सगळीकडे लागू पडत नाही, हेही आपण समजून घ्यावे. नाहीतर उद्या कोणी ठेकेदार 'प्लास्टिकचा रस्ता' म्हणून काहीही गळ्यात मारेल.

पहिली गोष्ट, आपली काळी माती. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. खारपाणपट्ट्यातल्या माणसाला हे सांगायला नको, त्याच्या घराची भिंतच ते सांगते. वरच्या थरात कितीही प्लास्टिक घातले तरी खालचा भराव खचायचा थांबत नाही. पांदणीला आधी दोन्ही बाजूंनी नाल्या हव्यात, मुरूम हवा, दबाई हवी. प्लास्टिक त्यानंतर.

दुसरी गोष्ट, आपले ऊन. अकोल्याचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या वर जातो. प्लास्टिक उन्हाने नरम पडते, वजनाखाली हळूहळू दबते आणि आग लागली तर पेटते. आपल्या घरात भाव येईपर्यंत कापूस भरलेला असतो, गोठ्याशेजारी कडब्याची गंजी असते. अशा घराच्या भिंतीला प्लास्टिकची वीट नको. ओटा, पायवाट, हातपंपाभोवतीचा चौथरा, शाळेचे आवार, बाजाराची जागा, इथे गट्टू चालतील.

तिसरी गोष्ट, सगळे प्लास्टिक सारखे नाही. पीव्हीसीचे पाईप यात चालत नाहीत. ते तापले की आम्लाची वाफ सुटते, ती फुप्फुस जाळते. म्हणून कढईत प्लास्टिक वितळवून विटा पाडण्याचे घरगुती उद्योग कोणी करू नयेत.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. कीटकनाशकाचे डबे आणि बाटल्या यात मिसळायच्या नाहीत. २०१७ मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या वर शेतकरी-शेतमजूर दगावले. ते विष बाटलीच्या तळाशीही असते. या बाटल्यांसाठी १९७१ च्या कीटकनाशक नियमांत लिहून ठेवले आहे की रिकामी पात्रे फोडून वस्तीपासून दूर पुरावीत. म्हणजे नफा कंपनीचा आणि खड्डा आपल्या वावरात!

आता हिशेब

एक किलोमीटर लांब आणि पावणेचार मीटर रुंद रस्त्याला साधारण एक टन प्लास्टिक लागते. गुटख्याची किंवा शाम्पूची पुडी एक ग्रॅमची धरा. एक टन म्हणजे दहा लाख पुड्या. त्या वेचायच्या, माती झटकायची, वाळवायच्या, निवडायच्या. एका बाईने दिवसभरात हे सगळे करून पाच किलो माल तयार केला असे धरू. एक टनाला २०० दिवस लागले. रोजी ३०० रुपये धरली तर ६० हजार रुपये झाले. किलोला ६० रुपये, आणि यात तालुक्यापर्यंतचे भाडे नाही. आकडे आम्ही मांडून पाहिलेले आहेत. ज्याला पटत नसतील त्याने आपल्या गावात एक दिवस वेचून बघावे आणि आकडे दुरुस्त करावेत. उत्तर फारसे बदलणार नाही.

आता याला भाव काय मिळतो? भंगारवाला लोखंड घेतो, पाण्याच्या बाटल्या घेतो, ठिबकच्या जुन्या नळ्या घेतो. मातीने माखलेली पन्नी आणि चकचकीत पुडी तो फुकटसुद्धा नेत नाही. म्हणजे जो वेचेल तो बुडेल. ही उलटी पट्टीच झाली. कापूस विकायला गेलेल्या शेतकऱ्यालाच पदरचे पैसे द्यावे लागावेत, तसा हा व्यवहार. कापसाची वेचाई आपण किलोवर मोजून देतो, कारण वेचल्याशिवाय बोंडातला कापूस घरी येत नाही हे आपल्याला कळते. प्लास्टिक मात्र 'श्रमदानाने' गोळा व्हावे, अशी इंडियाची अपेक्षा आहे. वर्षातून एक दिवस झाडू हातात घेऊन फोटो काढायचा आणि उरलेले ३६४ दिवस भाषण द्यायचे.

राख आणि पऱ्हाटी

बिनभावाची वस्तू बांधकामात कशी जाते आणि कशी जात नाही, याचे दोन दाखले आपल्या डोळ्यांपुढे आहेत.

बाळापूर तालुक्यातल्या पारसच्या वीज केंद्राची राख घ्या. राखेलाही कोणी विचारत नव्हते. १९९९ मध्ये केंद्राने अधिसूचना काढली आणि वीज केंद्रांनी राख फुकट द्यावी, विटांत ती वापरली जावी, असे ठरवले. फुकट मिळाली तरी वाहतुकीचा खर्च कोण करणार, हा प्रश्न उरलाच. मग २०१६ च्या दुरुस्तीत लिहिले गेले की १०० किलोमीटरपर्यंत राख वाहून नेण्याचा खर्च वीज केंद्राने सोसावा आणि तीनशे किलोमीटरपर्यंतचा निम्मा. पंतप्रधान ग्रामसडक योजनेच्या कामाला तर सगळा खर्च केंद्राचा. राखेचा त्रास संपला असे कोणी म्हणणार नाही. पण तत्त्व ठरले. ज्याच्या भट्टीतून घाण निघाली, त्याने ती वाहून नेण्याचे दाम मोजायचे.

उलट पऱ्हाटी घ्या. मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने पऱ्हाटीपासून फर्निचरला आणि दाराला लागणारे बोर्ड करून दाखवले. वस्तू चांगली, कच्चा माल आपल्या वावरात उभा. तरी उन्हाळ्याच्या तोंडी आपल्यातले कितीतरी जण पऱ्हाटी उपटून धुऱ्यावर पेटवतात. का? उपटणे, तोडणे, गोळा करणे आणि वाहून नेणे याचा खर्च भरून निघेल असा भाव दारात मिळत नाही. शोध लागला, पण वेचाई कोणी दिली नाही.

प्लास्टिकचे काय होणार? राखेसारखे की पऱ्हाटीसारखे? ते आपण काय मागतो यावर आहे.

कायदा आहे, पैसा वाटेत अडतो

२०१६ चे प्लास्टिक कचऱ्याचे नियम पहिल्यांदाच ग्रामपंचायतींना लागू झाले. जबाबदारी आली, पैसा आला नाही. स्वच्छ भारत ग्रामीणच्या दुसऱ्या टप्प्यात, २०२० पासून, तालुक्याला एका प्लास्टिक प्रक्रिया केंद्रासाठी १६ लाख रुपयांपर्यंतची तरतूद झाली. त्यातून शेड आणि यंत्रे उभी राहू शकतात. पण माल शेडपर्यंत आणण्याचे दाम त्यात कुठे आहे? कापूस नसलेली जिनिंग उभी करून काय उपयोग?

फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्राने आणखी एक नियम केला. पुडी बनवणाऱ्या, आणणाऱ्या आणि तिच्यात माल भरून विकणाऱ्या कंपन्यांनी प्लास्टिक परत गोळा करून त्याची वाट लावलीच पाहिजे. ज्याचे दुसरे काही होत नाही, ते प्लास्टिक रस्त्यात घालण्याची किंवा सिमेंटच्या भट्टीत जाळण्याची सोयही नियमात आहे. हे काम झाल्याची प्रमाणपत्रे निघतात आणि कंपन्या ती विकत घेतात. म्हणजे ज्या पुडीला आपण बिनभावाची म्हणतो, तिच्या कागदाला शहरात भाव आहे! पण प्रमाणपत्र निघते नोंदणी झालेल्या कारखान्याच्या नावावर. धुऱ्यावरून ती पुडी उचलणाऱ्या बाईचे नाव त्यात कुठेच नाही. मधले दाम मधल्यामध्ये. कापसाच्या बाजारात हाच खेळ आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहत आलो आहोत.

काही भाऊ विचारतील, आपण बाजार मोकळा मागणारे, मग कंपन्यांवर हे ओझे का? उत्तर सोपे आहे. आपण सूट-सबसिडी मागत नाही. स्वतःचा खर्च दुसऱ्याच्या धुऱ्यावर टाकून माल स्वस्त दाखवणे याला बाजार म्हणत नाहीत. पुडीच्या किमतीत तिची वेचाई धरली गेली पाहिजे, जशी आपल्या कापसाच्या किमतीत आपली धरली गेली पाहिजे. ही कंपनी ते पैसे पुन्हा आपल्याच खिशातून काढेल, ही भीती काही अंशी खरी आहे. पण मग जी कंपनी कमी पन्नी वापरेल तिचा माल स्वस्त राहील, आणि ती निवड आपल्या हातात असेल.

आपलेही थोडे चुकते

दुसऱ्याकडे बोट दाखवताना स्वतःच्या कापसाकडेही बघू. वेचलेला कापूस आपण खताच्या जुन्या चुंगड्यात भरतो. चुंगड्याचे धागे कापसात येतात, जिनमधून गाठीत जातात, सुतात जातात. प्लास्टिकच्या धाग्याला रंग चढत नाही आणि विणलेल्या कापडावर डाग दिसतो. गिरणीवाला तो तोटा व्यापाऱ्यावर टाकतो आणि व्यापारी तो भावात कापून आपल्यावर. सुती धोतराच्या किंवा जुन्या लुगड्याच्या गाठोड्यात कापूस आणणारी आपली आजी अडाणी नव्हती. आणि उकिरड्यावर पन्नी टाकतो तोही आपणच. ती शेणखताबरोबर वावरात पसरते, पाण्याची वाट अडवते, ढोरांच्या पोटात जाते.

बैठकीपुढे ठेवायच्या मागण्या

एक, तालुक्याच्या प्रक्रिया केंद्राच्या दारात निवडलेल्या टाकाऊ प्लास्टिकला किलोचा जाहीर भाव हवा. तो वेचाई आणि भाडे भरून निघेल इतका हवा, आणि काट्यावर रोख हवा. पैसा कंपन्यांच्या जबाबदारीच्या रकमेतून यावा.

दोन, कीटकनाशकाच्या रिकाम्या बाटल्या कंपनीने विक्रेत्यामार्फत परत घ्याव्यात. त्या आपल्या वावरात पुरल्या जाणार नाहीत.

तीन, आपल्या गावांतून गेलेले प्लास्टिक आपल्याच तालुक्याच्या रस्त्यांत आणि आवारांत वापरले जावे. किती टन घातले, त्याचा फलक कामावर लागावा. मात्र पांदणीला नाल्या आणि मुरूम आधी.

चार, येत्या हंगामापासून सभासदांनी कापूस कापडातच भरावा आणि उकिरड्यात पन्नी जाऊ देऊ नये. हे सरकारकडे मागायचे नाही, आपणच करायचे आहे.

आपल्याच अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावी १८७६ मध्ये जन्मलेल्या गाडगेबाबांनी खराटा हातात घेऊन गावेच्या गावे झाडली. त्या काळच्या गावात कचरा म्हणजे पाला, शेण, राख. उकिरड्यात कुजून त्याचे सोने होत होते. आजचा कचरा कुजत नाही आणि तो आपण तयारही केलेला नाही. तो उचलायला आपले हात तयार आहेत. पण हात आपले असले तरी वेचाई ज्याची त्याने मोजली पाहिजे.