गाडी पळते किती हे सगळे विचारतात, थांबते का हे कोण विचारतंय?



आज राजकारणावर पोस्ट नाही. म्हणजे शेवटी तिकडंच जाणार आहे, पण सुरुवात माझ्या गाडीच्या पुढच्या चाकापासून करतो. जरा लांब आहे, पण वाचा. ज्यांच्या घरी चारचाकी आहे त्यांनी तर वाचाच, आणि ज्यांच्या घरी नाही त्यांनीही वाचा, कारण रस्त्यावर आपण सगळे एकमेकांच्या ब्रेकच्या भरवशावर चालतो.

माझी जुनी फोर बाय फोर तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलीय. पावसाळ्यात काळ्या रानात, उसाच्या बांधावर दुसरी गाडी जात नाही तिथं ती जाते. दोन-अडीच महिन्यांपासून पुढून 'घूंऽऽ' असा आवाज येत होता. वेग वाढला की आवाज वाढायचा. मी काय केलं? रेडिओ मोठा केला. खोटं कशाला बोलू!

मागच्या आठवड्यात नगरहून येताना इमामपूर घाट उतरत होतो. पुढं कांद्याच्या गोण्या भरलेला ट्रक. ब्रेकवर पाय ठेवला तर पहिल्या दाबाला पेडल सरळ खाली गेलं. काळजात धस्स झालं. पाय उचलून पुन्हा दाबला तेव्हा ब्रेक लागला, पण स्टेअरिंग असं थरथरलं की हातातनं सुटतंय की काय. ट्रकच्या मागच्या फळीवरची अक्षरं वाचता येतील इतक्या अंतरावर गाडी थांबली. बायको शेजारी होती. पांढरीच्या पुलापर्यंत दोघंही एक शब्द बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी ओळखीच्या मिस्त्रींकडं गेलो. त्यांनी गाडी जॅकवर घेतली, मागच्या चाकांना दगड लावले, पुढचं चाक वर-खाली धरून हलवलं. चाक खडखड हललं. म्हणाले, "भाऊ, बेरिंग गेलंय. आणि डिस्क बघा."

डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी लोखंडी थाळी. ब्रेक दाबला की दोन्ही बाजूंनी पॅड तिला चिमटीत धरतात आणि चाक थांबतं. माझ्या डिस्कला कडेनं नखाला लागेल एवढी धार आली होती. किती झिजेपर्यंत डिस्क चालते तो आकडा बहुतेक डिस्कवरच कोरलेला असतो. मिस्त्रींनी गंज पुसून तो दाखवला आणि मापून सांगितलं की डिस्क त्याच्याही खाली गेलीय.

मी विचारलं, "बेरिंगचा आणि ब्रेकचा काय संबंध?" त्यांनी जे सांगितलं ते मला इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. बेरिंग सैल झालं की डिस्क सरळ फिरत नाही, डुलत फिरते. डुलणारी डिस्क पॅडला मागं ढकलत राहते. मग पॅड आणि डिस्कमध्ये फट पडते आणि पहिला ब्रेक ती फट भरण्यातच जातो. दुसऱ्या दाबाला ब्रेक लागतो. म्हणजे घाटात माझं पेडल खाली गेलं त्याचं कारण ब्रेकमध्ये कमी आणि बेरिंगमध्ये जास्त होतं. ज्या आवाजावर मी रेडिओ लावत होतो, त्याच आवाजानं मला जवळजवळ ट्रकखाली घातलं होतं.

आता खरी गोष्ट. हेच बेरिंग वर्षभरापूर्वी बदललं होतं! दुसऱ्या एका गॅरेजात, स्वस्तात. नाव घेत नाही, कारण दोष एकट्या त्यांचा नाही. मीच म्हणालो होतो, "कमीत कमीत बसवा." त्यांनी डिस्क लेथवर खरडून पातळ केली, बिनापेटीचं बेरिंग आणलं आणि हातोड्यानं ठोकून बसवलं. बेरिंग प्रेसवर बसवायचं असतं. हबच्या घरात बसवताना दाब फक्त बाहेरच्या कड्यावर द्यायचा असतो. आतल्या कड्यावर घाव बसला की तो आतल्या गोळ्यांमधून जातो, कड्यांवर बारीक खड्डे पडतात आणि नवं बेरिंग गाडी गॅरेजबाहेर पडायच्या आधीच आजारी होतं. फोर बाय फोरला तर पुढच्या हबमधून अ‍ॅक्सल जातो. त्याचा नट कंपनीनं दिलेल्या मापानं, टॉर्क पान्यानंच आवळावा लागतो. 'हाताचा अंदाज' इथं चालत नाही. सैल राहिला तर चाक डुलतं आणि जास्त आवळला तर बेरिंग तापून जातं.

या वेळी दोन्ही बाजूंच्या डिस्क, दोन्ही बेरिंग, नवे पॅड आणि ब्रेक ऑइल असं सगळं बदललं. बिल साडेसोळा हजार. बायको म्हणाली, "वर्षभरापूर्वी चार हजार वाचवले होते ना, ते कुठंयत?" उत्तर नव्हतं.

इथपर्यंत माझी चूक होती, ती कबूल केली. आता पुढचं बोलतो.

बेरिंग मरतं कशानं? वयानं मरतं, पाणी-चिखल शिरल्यानं मरतं, आणि सगळ्यात जास्त आदळल्यानं मरतं. भरधाव चाक एकदाच खोल खड्ड्यात आदळलं तरी आतल्या कड्यावर डाग पडतो आणि तिथून आवाज सुरू होतो. आता तुम्हीच सांगा, घोडेगाव, वडाळा बहिरोबा, नेवासा फाटा, प्रवरासंगम या पट्ट्यात पावसाळ्यानंतर किती वेळा आदळतो आपण? फाट्यावरून गावात येताना? कुकाण्याकडं, भेंड्याकडं, सोनईकडं जाताना? गाडी घेताना आपण रोड टॅक्स भरतो, डिझेलवर कर भरतो, आणि वर रस्त्यानं मोडलेलं चाकही आपल्याच खिशातून दुरुस्त करतो. एकाच रस्त्याचे पैसे तीन वेळा!

आणि "काय करणार, नशीब" म्हणून गप्प बसतो. कायदा मात्र नशीब म्हणत नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं कलम १९८-अ आलं. रस्त्याची रचना, बांधणी किंवा देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणं न केल्यामुळं कुणाचा जीव गेला किंवा अपंगत्व आलं, तर संबंधित यंत्रणेला, ठेकेदाराला १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानंही खड्ड्यामुळं मृत्यू झाला तर ६ लाख आणि जखमीला ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई द्यायचा आदेश दिला. हे आपल्या तालुक्यात किती जणांना माहितीय? खड्ड्याचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकून हसणारे आपण, तोच फोटो तारखेसह लेखी अर्जाला जोडून किती जणांनी दिलाय?

पण मंडळी, त्याच कायद्याची दुसरी बाजूही ऐका. कलम १९०. दोष आहे हे माहीत असताना, किंवा साध्या काळजीनं कळलं असतं अशी सदोष गाडी सार्वजनिक रस्त्यावर चालवणं हा गुन्हा आहे. त्या दोषामुळं अपघात होऊन कुणी जखमी झालं तर तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. घाटात त्या दिवशी काही झालं असतं तर मी खड्ड्याकडं बोट दाखवून सुटलो नसतो, आणि सुटूही नये.

आता गंमत बघा. खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं. तेवढ्या काळात धूर किती निघतो हे तपासायला पीयूसी लागते, पण ब्रेक लागतो का हे तपासायला कुणीच बोलवत नाही. टॅक्सी, ट्रक यांना ठराविक काळानं फिटनेस आहे, आपल्या घरच्या गाडीला थेट १५ वर्षांनी. ब्रिटनमध्ये गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी तपासणी, जर्मनीत तीन वर्षांनंतर दर दोन वर्षांनी. आपल्याकडं एमएच १६ असो की एमएच १७, गाडी पहिल्यांदा तपासली जाते तोवर पोरगं दहावीला गेलेलं असतं.

आणि हे कुठं? तर ज्या जिल्ह्यात गाड्या तपासणारी देशातली एक मोठी संस्था आहे तिथं! नगरला वाहननगरमध्ये डीआरडीओची व्हीआरडीई आहे. लष्कराच्या गाड्यांवर तिथं काम होतं आणि बाजारात येणाऱ्या वाहनांना कायद्यानं लागणारी चाचणी-प्रमाणपत्रं देणाऱ्या अधिकृत संस्थांमध्येही तिचं नाव आहे. नवी गाडी बाजारात यायची तर तिचे ब्रेक असे शास्त्रशुद्ध तपासले जातात. आणि तीच गाडी दहा वर्षांनी इमामपूर घाटात उतरते तेव्हा तिच्या ब्रेकची हमी कोण देतो? कुणीच नाही.

आता आपल्या तरुण मित्रांसाठी दोन शब्द. राग मानू नका. सध्या फोर बाय फोरची हवा आहे. मोठे टायर, उंच केलेली गाडी, बाहेर आलेले रिम. स्टेटसला छान दिसतं. पण चारही चाकं ओढतात म्हणून गाडी लवकर थांबत नाही. फोर बाय फोर चिखलातून बाहेर काढते, थांबवायचं काम ब्रेक आणि टायरचंच. टायर जेवढा मोठा आणि जड, तेवढा ब्रेकवर भार जास्त. रिम जेवढा बाहेर, तेवढा बेरिंगवर ताण जास्त. आणि थांबताना गाडीचा भार पुढं येतो, म्हणून निम्म्याहून जास्त काम पुढचेच ब्रेक करतात. ताशी ८० च्या वेगात, ब्रेकवर पाय जाईपर्यंतच्या एका सेकंदात गाडी २२ मीटर पुढं गेलेली असते. त्यात पहिला दाब रिकामा गेला तर हिशोब तुम्हीच करा.

माझे आजोबा बाजाराला निघायच्या आधी बैलगाडीच्या आखाला वंगण घालायचे. चाक कुरकुरलं तर म्हणायचे, "ते बोलतंय, ऐक." बैलगाडीचं ऐकलं जात होतं. दीडशे घोड्यांच्या गाडीचं आपण रेडिओ लावून ऐकत नाही.

मिस्त्रींबद्दलही बोललं पाहिजे. आपला जीव ज्यांच्या हातात आहे त्यांना आपण शंभर-दोनशेसाठी घासाघीस करतो. बहुतेक जण पोरवयात पाने उचलायला लागले आणि बघून बघून शिकले. हात सोन्याचा, पण शेडमध्ये प्रेस नाही, टॉर्क पाना नाही, डिस्कची जाडी मापायचं साधन नाही. नवीन गाड्यांच्या बेरिंगमध्ये एबीएसची चुंबकी पट्टी असते. ते उलटं बसलं तर एबीएस बंद. हे त्यांना कोण शिकवणार? पोस्टर-बॅनरवर होतो त्यातल्या थोड्या खर्चात तालुक्यातल्या मिस्त्रींसाठी आयटीआयमध्ये आठ दिवसांचा वर्ग होऊ शकतो.

आणि शेवटी ऊस. गळीत हंगाम आला की एका ट्रॅक्टरमागं दोन-दोन ट्रॉल्या, वर डोंगराएवढा ऊस. कित्येक ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेकच नाही. बेरिंग गेलं, चाक निखळलं, ट्रॉली आडवी झाली, हे आपण दर हंगामात बघतो. रिफ्लेक्टर लावायचे कार्यक्रम होतात, फोटो येतात. चांगलंच आहे. पण रिफ्लेक्टरमुळं मागच्याला ट्रॉली दिसते, ट्रॉली थांबत नाही.

म्हणून मागण्या फक्त चार, आणि पक्ष न बघता सगळ्यांकडे:

१. हंगाम सुरू व्हायच्या आधी साखर कारखाने आणि आरटीओ यांनी मिळून गावोगाव ट्रॅक्टर, ट्रॉली आणि जीपगाड्यांची ब्रेक-बेरिंग तपासणी करावी. पहिल्या वर्षी दंड नको, नुसती तपासणी आणि लेखी चिठ्ठी.

२. प्रत्येक रस्त्यावर ठेकेदाराचं नाव, देखभालीची मुदत आणि तक्रारीचा नंबर असलेला फलक वाचता येईल असा लावावा. झुडपात नको.

३. आयटीआयमध्ये चालू मिस्त्रींसाठी छोटे वर्ग, आणि प्रेस व टॉर्क पान्यासाठी सोपं कर्ज.

४. चौथी मागणी आपल्याकडंच. सुटा भाग पेटीतून डोळ्यांसमोर काढायला सांगा, जुना भाग परत मागा, पक्कं बिल घ्या. डिस्क बदलायची तर दोन्ही बाजूंची एकदम. आणि "कमीत कमीत बसवा" हे वाक्य ब्रेकच्या कामात पुन्हा बोलायचं नाही. मी तरी बोलणार नाही.

उद्या सकाळी एवढंच करा. काच खाली घ्या, रेडिओ बंद करा आणि मोकळ्या रस्त्यावर दोन किलोमीटर गाडी चालवा. घूं असा आवाज येतो का? वळणावर तो वाढतो का? ब्रेक दाबल्यावर स्टेअरिंग थरथरतं का? पहिल्या दाबाला पेडल खोल जातं का? एकाचंही उत्तर 'हो' असेल तर नगरचं काम दोन दिवस पुढं ढकला आणि आधी मिस्त्रींकडं जा.

तुमच्या भागातला खड्डा कमेंटमध्ये टाका, जागा आणि तारीख लिहून. सगळे एकत्र करून लेखी अर्ज मी स्वतः देणार आहे, आणि पोच मिळाली की इथंच टाकेन.

पटलं तर पुढं पाठवा. नाही पटलं तर भांडा, पण आधी गाडी तपासून या.