यंत्राला आलेला रुपयाचा पुळका

परदेशात आपल्या रुपयाला कुणी विचारत नाही म्हणतात. साफ खोटं! पॅरिसच्या दुकानात क्रेडिट कार्ड पुढे करा, ते इवलेसे यंत्र लाडात येऊन विचारते, ‘युरोत देणार की रुपयांत?’ झाले! माहेरचे माणूस भेटल्यागत आपण विरघळतो आणि रुपयांचे बटण दाबतो.

अहो, तो रुपयाचा भाव ठरवतात यंत्रवाले. त्यांचा भाव म्हणजे लग्नसराईतल्या फुलवाल्याचा भाव! शिवाय आपली बँक त्यावरही शुल्क लावू शकते. तेव्हा बेलाशक युरोचे बटण दाबावे. तिथेही बहुतेक कार्डे 3.5 टक्क्यांपर्यंत हात मारतातच, आणि त्या शुल्कावर 18 टक्के जीएसटी. म्हणजे शंभरामागे 4 रुपये 13 पैसे. (25 पैशांपर्यंतची नाणी 2011 साली चलनातून गेली; बिलातून नाही गेली.)

पण क्रेडिट कार्डाने एटीएममधून रोकड काढणे म्हणजे शुद्ध सावकारी. खरेदीला मिळणारी ती 45-50 दिवसांची बिनव्याजी मुदत इथे नाही. नोटा हाती पडल्या की त्याच दिवसापासून व्याज सुरू! वर रोकड काढल्याचे शुल्क, सहसा 2.5 टक्के, आणि त्यालाही किमान रक्कम ठरलेली. याला बँका ‘सुविधा’ म्हणतात! जुना सावकार निदान ओसरीवर बसवून पाणी तरी विचारायचा हो!

रोकड हवीच तर डेबिट कार्ड किंवा आगाऊ पैसे भरलेले फॉरेक्स कार्ड न्यावे. एटीएमही मध्येच विचारते, ‘आमचा भाव मान्य?’ खुशाल ‘नाही’ म्हणा. नोटा येतात.